एकतीस तारखेला रडणारी चाचणी

मी एक जुनी चाचणी आहे. मित्रांनो, लगेच वह्या-पेन्सिली शोधू नका. शाळेत तुमची घेतात ती चाचणी मी नव्हे. मी संगणकाच्या आत राहते आणि प्रोग्रामची परीक्षा घेते. माझी लांबी जेमतेम नऊ ओळी. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि स्वस्थ बसण्याची सवय तर मुळीच नाही. प्रोग्राममध्ये कोणी एक अक्षर जरी बदललं तरी मला उठून धावावं लागतं. सगळं बरोबर असेल तर मी हिरवी होते, चूक असेल तर लाल. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच. त्यामुळे माझा स्वभाव जरा खाष्ट झाला आहे, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म दोन बहिणींच्या भांडणातून झाला. थोरली प्रोग्राम लिहिणारी आणि धाकटी रुग्णालयात नर्स. धाकटीच्या वॉर्डातून घरी जाणारी माणसं पिशवीभर गोळ्या घेऊन जात आणि कोणती कधी घ्यायची यात गोंधळ घालत. म्हणून थोरलीने तीन रविवार खर्ची घालून एक प्रोग्राम लिहिला. त्यात गोळ्यांची नावं एकदा भरली की ज्या त्या वेळी फोन वाजायचा. तिने तो मोठ्या हौसेने धाकटीला दाखवला. धाकटीने कौतुक करायचं सोडून भलताच प्रश्न विचारला.

"हा बरोबर वाजतो, हे कशावरून?"

"मी लिहिलाय म्हणून."

"ताई, आमच्याकडे इंजेक्शन भरणारी एक असते आणि ते तपासणारी दुसरी. भरणारी कितीही हुशार असू दे. तुझं तपासणारं कोण आहे?"

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस तिने बहिणीचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती मुकाट्याने बसली आणि एकामागून एक चाचण्या लिहू लागली. त्यात मी सातवी. आज आम्ही तीनशे बारा जणी आहोत, पण त्या पहिल्या रांगेचा मान काही वेगळाच.

माझ्या पोटात एक खोटे आजोबा आहेत. खोटे म्हणजे थोरलीने कल्पनेतून केलेले. त्यांना एक गोळी दिवसाआड घ्यायची असते. माझं काम एवढंच की आजची तारीख बघायची आणि प्रोग्रामला विचारायचं, "आजोबांना आज गोळी आहे का? आणि उद्या?" आज असेल तर उद्या नको, आज नसेल तर उद्या हवी. दोन्ही दिवशी 'हो' आलं किंवा दोन्ही दिवशी 'नाही' आलं की मी लाल व्हायचं. आजोबा खोटे असले तरी माझा त्यांच्यावर जीव होता. त्यांना कधी चक्कर आली नाही, कारण मी येऊ दिली नाही.

पुढे थोरलीने तो प्रोग्राम सगळ्या जगासाठी फुकट खुला केला. ज्याला हवा त्याने वापरावा, ज्याला जमेल त्याने सुधारावा. त्याच्यासाठी इंटरनेटवर एक पान होतं, तिथे तक्रारीही लिहिता यायच्या. हळूहळू माणसं जमली. कोणी अक्षरं मोठी केली, कोणी घंटी बदलली. त्यांच्यात एक नियम होता. कोणीही काही बदललं की आधी आम्ही सगळ्या चाचण्या धावायचो. आम्ही सगळ्या हिरव्या झालो की दुसरं कोणीतरी तो बदल वाचून पसंती द्यायचं आणि मगच तो प्रोग्राममध्ये जायचा. एक जरी लाल असली तरी सगळ्यांची गाडी अडायची. नवे लोक आम्हाला घाबरून असायचे. थोरली त्यांना म्हणायची, "चाचणी लाल झाली म्हणजे ती तुमच्यावर रागावली नाही, तिने तुम्हाला वाचवलंय." ते ऐकून मी फुगून जायची.

त्या माणसांत एक तुफान नावाचा मुलगा होता. खरं नाव काही का असेना, सगळे त्याला तुफानच म्हणायचे, कारण तो आठवड्याचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकायचा. त्याला लांबलचक कोड बघवत नसे. आजोबांची दिवसाआडची गोळी ठरवायला थोरलीने अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्यात पहिल्या गोळीपासून एकेक दिवस मोजला जायचा. सप्टेंबरच्या बारा तारखेला तुफानने त्या अकरा ओळी काढल्या आणि तिथे एकच ओळ ठेवली. ज्याने विषम तारखेला गोळी सुरू केली त्याला विषम तारखांना द्यायची, ज्याने सम तारखेला केली त्याला सम तारखांना. झालं काम. एक, तीन, पाच, सात. दोन, चार, सहा, आठ.

आम्ही सगळ्या धावलो. बारा आणि तेरा तारीख बघून मी हिरवी झाले. अकराची एक ओळ झाली म्हणून पानावर वाहवा झाली. थोरलीला त्या दिवशी कुठेतरी भाषण द्यायचं होतं. तिने बदल उघडला, आम्हा तीनशे बारा जणींचा हिरवा रंग बघितला, "छान दिसतंय" असं लिहिलं आणि पसंती दिली. ती ओळ तिने वाचली नाही. हे मी चहाडी म्हणून सांगत नाही. मीही त्या दिवशी हिरवीच होते.

मग एकतीस ऑक्टोबर उजाडला. मी नेहमीसारखी धावत गेले आणि विचारलं, "आजोबांना आज गोळी आहे का?" हो, आजोबांची पहिली गोळी विषम तारखेची आणि एकतीसही विषम. "आणि उद्या?" उद्या एक तारीख, तीही विषम. हो.

लागोपाठ दोन दिवस गोळी! मी लालेलाल झाले. दिवसाआडची गोळी दिवसाआड देतात त्याला कारण असतं. ती अंगात हळूहळू मुरते. रोज घेतली तर डोकं गरगरतं, पाय लटपटतात. माझ्या आजोबांना जिन्यावरून उतरायचं होतं की. मी पडद्यावर लिहिलं, "चूक." तेवढाच एक शब्द. मला दुसरा शब्द कोणी शिकवलाच नव्हता.

नेमकी त्या दिवशी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. सगळे खोळंबले. तुफानने मला पुन्हा धावायला लावलं. लाल. पुन्हा. लाल. त्याने आपली ओळ दहा मिनिटं न्याहाळली. ओळीत त्याला काही खोट दिसेना. कंटाळून सगळे उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी, एक तारखेला, मला पुन्हा धावायला लावलं. एक तारखेला गोळी, दोन तारखेला नाही. बरोबरच होतं. मी हिरवी झाले. होणं भागच होतं, मी खोटं बोलत नाही.

"झोपून उठली आणि बरी झाली," तुफान म्हणाला. सगळे हसले. आमच्या धंद्यात अशा चाचण्या असतात, मित्रांनो. कारण नसताना कधी लाल होतात, कधी हिरव्या. त्यांना कोणी मोजत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या रांगेत जाऊन बसले.

एकतीस डिसेंबरला सुट्टी होती, कोणी कामाला हात लावला नाही. एकतीस जानेवारीला मी पुन्हा लाल झाले. त्या दिवशी तुफानचं डोकं फिरलं. त्याने माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली, 'हिला वगळा'. शेजारी टीप लिहिली, 'उगाच रडते. नंतर बघू.' थोरलीने पसंती दिली. याही वेळी तिने लिहिलं, "छान दिसतंय."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण झाकलेल्या कोंबड्याला काय वाटतं, ते कोणी विचारत नाही. रोज चाळीस वेळा आमची रांग धावायची. सहावी धावायची, आठवी धावायची, मी मात्र जागच्या जागी. खाली हिशेब यायचा, 'उत्तीर्ण तीनशे अकरा, वगळलेली एक'. आधी लोक ती शेवटची एक बघायचे. महिन्याभरात डोळ्यांना सवय झाली. मला सवय होईना. तारखा माझ्या आतून सरकत होत्या. एकोणतीस मार्च. तीस मार्च. एकतीस मार्च. मी विचारायला तोंड उघडायची आणि माझा नंबर ओलांडून आठवी पुढे पळायची. त्या दिवसांची तळमळ मी अजून विसरले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तक्रारींच्या पानावर एक पत्र आलं. लिहिणारा शिंपी होता. त्याने लिहिलं होतं, "तुमचा प्रोग्राम बेकार आहे. माझी बायको चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. लोकांच्या जिवाशी खेळू नका."

बस, एवढंच. तारीख नाही, गोळीचं नाव नाही, कधी वाजला, किती वेळा वाजला, काही नाही. अगदी माझ्यासारखंच. नुसतं लाल.

थोरली ते वाचून पांढरीफटक पडली आणि मग लालबुंद झाली. तोवर तिचं बरंच नाव झालं होतं. बारा हजार घरांत तिचा प्रोग्राम वाजत होता. लोक तिला बोलवायचे, टाळ्या वाजवायचे. तिने तीन उत्तरं लिहिली आणि खोडली. पहिलं फार चिडकं होतं, ते मी इथे सांगणार नाही. मग तिने स्वतःच्या फोनवर पाच तारखेपासून सुरू होणारी दिवसाआडची गोळी भरून बघितली. त्या दिवशी सहा तारीख होती. फोन वाजला नाही. सात तारखेला वाजला. आठला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिने लिहिलं, "माझ्याकडे तर बरोबर चालतंय. गोळ्या घेताना घरी चूक होत असावी. कृपया डॉक्टरांशी बोला." आणि तक्रार बंद केली.

"माझ्याकडे तर चालतंय" हे आमच्या जगातलं फार लाडकं वाक्य आहे. ते खोटं नसतं, म्हणूनच घातक असतं.

तुफानने खाली पुस्ती जोडली, "लोकांना गोळ्या मोजता येत नाहीत आणि दोष मात्र आपल्याला." त्याला सात जणांनी अंगठे दाखवले, म्हणजे शाबासकीचे. मी वगळलेली तिथेच बसले होते. माझ्याकडे उत्तर होतं आणि मला बोलायची मुभा नव्हती. मित्रांनो, यापेक्षा मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

ऑगस्टच्या सव्वीस तारखेला शिंप्याचं दुसरं पत्र आलं. थोरलीने ते वरवर पाहिलं आणि बाजूला सारलं. पण त्या दिवशी दुपारी धाकटी जेवायला आली होती. थोरली ताटं घेईपर्यंत ती सवयीने बहिणीच्या खुर्चीत बसली आणि तिने ते पत्र वाचलं. संगणकाला कान असतात, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"ताई, हे वाचलंस?"

"तो शिंपी ना? त्याला एकदा उत्तर दिलंय मी. अगं, रोज दहा जण काहीतरी लिहितात. सगळ्यांचं मनाला लावून घेतलं तर काम कधी करायचं?"

"मनाला नको लावूस. नुसतं वाच." आणि थोरली वाचत नाही असं बघून धाकटीनेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मागचं पत्र मी रागात लिहिलं, ते चुकलं. तुमचं उत्तर मी बायकोला दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चूक घरी होत असावी. म्हणून मी गोळ्यांची डबी तिच्याकडून काढून घेतली. ती म्हणत होती, मी फोन वाजला की घेते, फोन दोन दिवस लागोपाठ वाजतो. मी म्हटलं, तुला आता आठवत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चाळीस वर्षं तिने माझ्या दुकानातली काजं केली, एक बटण कधी मागे-पुढे झालं नाही.

"जूनपासून गोळी मीच देतो. फोन वाजला की देतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारतो. एकतीस जुलैला फुली आहे. एक ऑगस्टलाही आहे. एक तारखेला ती पुन्हा गरगरली. तुमचा प्रोग्राम जानेवारीत घेतला, तेव्हापासूनचं आठवून लिहितो. एक फेब्रुवारी, एक एप्रिल, एक जून, या दिवशी तिला चक्कर आली. एक मार्च, एक मे, एक जुलै, या दिवशी काही नाही. जावई म्हणतो यंत्र चुकत नाही, तुम्हीच भलत्या घरात फुली मारली असेल. मला प्रोग्राममधलं काही कळत नाही. माझी बायको चुकते की तुमचा प्रोग्राम, एवढं खरं सांगा. लेखी सांगा, मला तिला दाखवायचं आहे.

"आता मी फोनचं ऐकत नाही, स्वतः मोजून देतो. पण तुमच्या पानावर बारा हजार घरं लिहिली आहेत. त्यातल्या एखाद्या घरात मोजणारं कोणी नसेल."

थोरली ताट हातात धरून उभी होती. "योगायोग असेल," ती म्हणाली. "मी स्वतः तीन दिवस चालवून बघितलंय."

"कोणते तीन?"

"सहा, सात, आठ."

"आणि तो कोणत्या दिवसाचं सांगतोय?"

थोरली चिडून म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? रस्त्यावरच्या कोणीही यावं आणि बेकार म्हणावं. फुकट देतेय मी हे सगळ्यांना."

"मी नवी होते तेव्हा माझा डोस मोठ्या सिस्टरने सगळ्यांसमोर ओतून टाकला होता. भरताना दशांशचिन्ह चुकलं होतं माझं. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. ती कशी बोलली तेच मी धरून बसले. काय बोलली, ते मला आठवड्याने कळलं." धाकटीने मूठ वळली आणि ती बोटांच्या हाडांवर महिने मोजू लागली. तुम्हीही असेच मोजता ना, उंचवटा आला की एकतीस, खळगा आला की तीस? "एक फेब्रुवारी, म्हणजे त्याच्या आधीचा जानेवारी, उंचवटा. एक एप्रिल, आधीचा मार्च, उंचवटा. जून, आधीचा मे, उंचवटा. ऑगस्ट, आधीचा जुलै, उंचवटा. ताई, चक्कर आली ते सगळे एकतीसचे महिने संपल्यावर. न आलेले सगळे खळग्यातले. हा योगायोग कसला?"

थोरलीने ताट खाली ठेवलं. "एकतीस," ती पुटपुटली. "आणि एक." तिच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या नऊच्या नऊ ओळी ताठ झाल्या.

ती संगणकाकडे आली. शोधता शोधता माझ्यापाशी पोहोचली. तिने 'हिला वगळा' वाचलं, टीप वाचली आणि खाली स्वतःचं "छान दिसतंय" वाचलं. मग संगणकाची तारीख तिने एकतीस ऑगस्ट केली, माझ्या डोक्यावरची ओळ पुसली आणि मला धावायला सांगितलं. सात महिन्यांनी मी धावले. आजोबांना आज गोळी? हो. उद्या? हो. मी लाल झाले आणि म्हणाले, "चूक."

"ही ऑक्टोबरपासून सांगतेय," थोरली म्हणाली. मला वाटलं आता ती मला शाबासकी देईल. ती नुसती रडली.

खरी एकतीस तारीख पाच दिवसांवर होती. तिने तुफानला फोन लावला. तो आधी तावातावाने म्हणाला, "ती चाचणी मुळातच वेडी आहे, तिच्यावर काय विसंबतेस?" थोरलीने त्याला त्या तारखा एकेक करून सांगितल्या.

"ओळ माझी आहे," तो म्हणाला.

"आणि 'छान दिसतंय' माझं आहे. दोन वेळा."

त्या संध्याकाळी तुफानने एका ओळीच्या पुन्हा अकरा केल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हळू काम केलं. थोरलीने पानाच्या अगदी वर मोठ्या अक्षरांत सूचना लावली, "एकतीस आणि एक तारखेला प्रोग्रामवर विसंबू नका. दिवसाआडची गोळी स्वतः मोजा. नवी आवृत्ती घ्या." खाली सगळं लिहिलं. चूक कशी झाली, कधी झाली, चाचणीने दोनदा सांगूनही तिला कसं वगळलं, तक्रार समजून न घेता कशी बंद केली. बंद कोणी केली तेही लिहिलं. एकट्या तुफानचं नाव येऊ दिलं नाही.

मग तिच्यावर शिव्यांची जी खैरात झाली ती विचारू नका. लोकांनी तिला वाट्टेल ते सुनावलं. एकाने तर लिहिलं की तिने प्रोग्राम लिहिणं सोडून भाषणंच द्यावीत. हे तिला फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. पण या खेपेला ती प्रत्येक शिवीगाळीतून एकेक कामाचं वाक्य निवडत बसली, तांदळातून खडे निवडतात तशी. फक्त इथे खड्यांतून तांदूळ निवडायचे होते.

आणि त्यातच एक दगड माझ्या डोक्यावर येऊन पडला. कोणा अनोळखी बाईने लिहिलं होतं, "ही सातवी चाचणी बेजबाबदार आहे. ती फक्त आजचा आणि उद्याचा दिवस बघते, म्हणून बारा सप्टेंबरला ती खुशाल हिरवी झाली. शिवाय 'चूक' म्हणजे काय चूक? हिच्या जागी कोणीही असतं तरी लोकांनी वगळलंच असतं."

मी! बेजबाबदार! जी एकटी ओरडत होती, जिला सात महिने गप्प बसवलं, ती बेजबाबदार! चोर सोडून संन्याशाला फाशी. माझा नुसता संताप झाला. माझ्यात लाल व्हायची सोय असूनही त्या क्षणी मला कोणी धावायला लावलं नाही म्हणून बरं, नाहीतर मी सगळं पान लाल करून टाकलं असतं. मी मनात उत्तरं रचू लागले. पहिलं फार चिडकं होतं.

मग मला शिंप्याचं पहिलं पत्र आठवलं. बेकार आहे, एवढंच म्हणणारं. त्यातून कोणालाच काही कळलं नव्हतं, आणि दुसऱ्या पत्रातल्या तारखांनी पाच मिनिटांत सगळं कळलं होतं. मी आयुष्यभर पहिलंच पत्र पाठवत आले होते. लोकांना त्यांच्या चुका दाखवायच्या आणि आपली दाखवली की फणा काढायचा. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला खरंच लाज वाटली.

थोरलीने मला उघडलं आणि नव्याने लिहिलं. आता माझ्या एकवीस ओळी आहेत. आता मी आजची तारीख बघत नाही. आजोबांना घेऊन चार वर्षं दिवस-दिवस चालते, एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा सोडत नाही. आणि लाल झाले तर नीट सांगते, "एकतीस ऑक्टोबर आणि एक नोव्हेंबर, दोन्ही दिवशी गोळी येते आहे." थोरलीने या बदलाला पसंती त्या अनोळखी बाईकडे मागितली. बाईने सगळं वाचून आणखी दोन चुका काढल्या आणि मगच पसंती दिली. 'छान दिसतंय' असं तिने लिहिलं नाही. 'वाचलं' असं लिहिलं.

एकोणतीस ऑगस्टला नवी आवृत्ती गेली. एक सप्टेंबरला सकाळपासून थोरली तक्रारींचं पान सारखं उघडत होती. धाकटीने वॉर्डातून तीनदा फोन केला. तीन घरांनी सूचना वाचली नव्हती, तिथे फोन दोन्ही दिवस वाजला. त्यातली दोघं बरी होती, एका आजींना दिवसभर झोपून राहावं लागलं. थोरलीने तिघांनाही स्वतः फोन केले. मागच्या त्या महिन्यांत अशी किती घरं असतील, ते कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. हे मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

एक उत्तर मात्र तिने त्याआधीच पाठवलं होतं, सव्वीस तारखेलाच, सगळ्यात आधी. शिंप्याला ते लेखी हवं होतं. तिने लिहिलं, "काका, चूक आमच्या प्रोग्रामची आहे. तुमच्या फुल्या बरोबर आहेत. काकूंनी एकही गोळी चुकून घेतलेली नाही. मी न तपासता तुम्हाला तसं लिहिलं, त्यामुळे तुमच्या घरात जे झालं त्याबद्दल मी काकूंची माफी मागते. हे त्यांना वाचून दाखवा." हे लिहिताना ती चार वेळा थांबली, पण तिने एकही शब्द खोडला नाही.

त्याचं उत्तर सप्टेंबरच्या दोन तारखेला आलं. "तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, मी तर जूनपासून हेच सांगत होते. मी म्हटलं, हो. डबी तिच्याकडे परत दिली आहे. काल एक तारखेला तिला चक्कर आली नाही. आणखी एक, तुमच्या प्रोग्रामची घंटी फार कर्कश आहे. तेही बघा."

थोरलीने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पूर्वी तिने त्यावर तीन उत्तरं लिहून खोडली असती. त्या दिवशी तिने नवी तक्रार स्वतःच उघडली आणि लिहिलं, "काका, कर्कश म्हणजे कशी, ते जरा सविस्तर सांगाल का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारं असेल. कदाचित त्यांना ती नीट सांगता येत नसेल, कदाचित ते चिडून सांगत असतील. त्यांना 'उगाच रडतात' म्हणून बाजूला बसवण्याआधी एकदा विचारा, कधी होतं, कोणत्या दिवशी होतं? आणि तुम्हाला कोणाची चूक दिसली तर नुसतं लाल होऊन थांबू नका, तारखेसकट सांगा. शिंप्याच्या घरात तीन महिने एक बाई खरं सांगत होती. तिचं ऐकायला माणसं होती, प्रोग्राम होता, आम्ही तीनशे बारा जणी होतो. तरी तिचं खरं आहे हे तिला दुसऱ्याच्या पत्रात वाचावं लागलं.